डावीप्रमाणे

ताईनं पाठवलेल्या फोटोत आधी तिचा अंगठा दिसला, मग कागद, मग कागदावरचे आकडे, आणि ते आकडे माझ्या ओळखीचे निघाले. ओळखीचे म्हणजे कुठल्याही धडधाकट माणसाचे असतात तसे नव्हेत. अनोळखी रस्त्यावर समोरून येणाऱ्या बाईच्या अंगात आपला जुना स्वेटर दिसावा, कोपरावरच्या रफूसकट, तसे. हिमोग्लोबिन १३.४. साखर ९३. प्लेटलेट दोन लाख सत्तेचाळीस हजार. क्रिएटिनिन ०.८. वर नाव ताईचं, वय बासष्ट, तारीख चार महिन्यांपूर्वीची, वेळ सकाळी सात वाजून चार मिनिटं. फोटोखाली तिनं नेहमीसारखं एका दमात लिहिलं होतं: हे बघ चिमे चार महिन्यांपूर्वी सगळं छान होतं आता हॉस्पिटलवाले म्हणतात क्रिएटिनिन साडेचार आहे किडन्या चालल्या हाताची शीर तयार करून ठेवू म्हणजे पुढे डायलिसिसला बरं असं कुठं होतं का चार महिन्यांत त्यांचंच मशीन बिघडलंय तुमच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आहे म्हणून मी हाच खरा धरते गुरुवारचं ऑपरेशन नको म्हणून कळवून टाकलं तुला काय वाटतं. आणि शेवटी एक हसरा चेहरा. मी फोन उपडा ठेवला. मग सरळ केला. समोरच्या स्क्रीनवर कालची अर्धवट यादी उघडी होती, शेजारी चहा, चहावर साय धरलेली. मी बोटानं साय बाजूला केली आणि बोट कुठं पुसावं ते बराच वेळ सुचेना.

आमची कंपनी लॅबोरेटऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. रक्त मशीन मोजतं, आकडे वायरीतून कॉम्प्युटरकडे येतात, आमचा प्रोग्रॅम त्यांचा रिपोर्ट बनवतो. माझं काम तपासनिसाचं. प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी तो मोडून बघायचा, आणि मोडला नाही की कागदावर सही करायची. मी हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. टायपिस्ट म्हणून लागले होते, टाइप करता करता चुका दिसायला लागल्या, चुका दाखवता दाखवता लोक मला टाळायला लागले, आणि जिला सगळे टाळतात तिलाच तपासणीवर बसवावं एवढी अक्कल साहेबांना होती. अकरा वर्षांपूर्वी आम्ही पहिला प्रोग्रॅम केला तेव्हा सरावासाठी एक खोटा पेशंट हवा होता. पोरांनी आकडे टाकले: हिमोग्लोबिन बारा, साखर शंभर, सगळं गोल गोल. मी म्हटलं, माणसाचं रक्त असं गोल नसतं. मग ज्या लॅबमध्ये मशीन ठेवलं होतं तिथल्या टेक्निशियनपुढे मी दंड उघडा केला. आलेले आकडे सरावाच्या फाइलमध्ये घातले. नावाच्या जागी कुणीतरी 'काकू' लिहिलं, वयाच्या जागी मी बावन्न लिहिलं, कारण मी तेव्हा एक्केचाळीसची होते आणि बावन्न हे वय मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं. तेव्हापासून काकू आमच्याकडे राबतात. "काकूंना आत सोड." "काकू पास झाल्या." "काकू लटकल्या रे, वायर बघ." हळूहळू मलाही सगळे काकूच म्हणायला लागले आणि यंदा वयही जुळलं. या अकरा वर्षांत मी स्वतःचं रक्त पुन्हा कधी तपासून घेतलं नाही. रोज तर बघत होते.

ताईचं नाव आणि काकूंचं रक्त एका कागदावर येऊ शकत नाही. सरावाची फाइल ऑफिसबाहेर जात नाही, असं मी स्वतः सगळ्यांना सांगितलेलं आहे, वेळोवेळी, बोट नाचवून. मी उठून दाढीकडे गेले. दाढी म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रॅमर, चाळिशीचा, माझ्याशी रोज भांडणारा आणि म्हणून माझा लाडका. "अरे, मशीनकडून आकडा आलाच नाही तर आपला प्रोग्रॅम काय करतो?" तो म्हणाला, "आठ सेकंद थांबतो, मग 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो." "आणि सरावात?" "सरावात काकूंची फाइल उचलतो. वायर न लावता काम करता यावं म्हणून तुम्हीच मागितलं होतं ना?" "आणि तो सरावाचा खटका लॅबला पाठवताना बंद होतो?" "होतो की," तो म्हणाला, आणि मग त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. "फुकटचीवर आपोआप होतो. विकतचीवर हातानं करावा लागतो. ते तर तुमच्या यादीत आहे, काकू. सदतिसावं कलम." मी म्हटलं, "हो. आहे खरं." आणि माझ्या खुर्चीकडे परत आले. तीस पावलं असतील.

फुकटची आणि विकतची, हे आमचे शब्द. फुकटची सिस्टीम म्हणजे जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून आतलं बघावं, बदलावं अशी. विकतची म्हणजे बाकी सगळं जग वापरतं ती. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आमचं यावरून जुंपायचं आणि मी कधी हरायची नाही. विकतची माणसाला पाहुण्यासारखं वागवते, मी म्हणायची: बसा हो, तुम्ही उठू नका, आत येऊ नका. फुकटची सुनेसारखं वागवते: घर तुझंच आहे बाई, आता तूच आवर. दाढी म्हणायचा, "काकू, तुमच्या घरात प्रिंटरचीसुद्धा मनधरणी करावी लागते." मी म्हणायची, "मनधरणी परवडली, पण माझ्या घरात कोण शिरलंय ते मला दिसतं." सगळे हसायचे. माझं सगळंच पटण्यासारखं होतं, हेच आता छळतं. जे उघडून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवू नये. कुलूप विकणाऱ्याकडेच दुसरी किल्ली असेल तर ते कुलूप नव्हे. पेशंटची नावं आपल्याला दिसता कामा नयेत. हे शेवटचं तर मी भांडून मिळवलं होतं. सहा महिने साहेबांच्या डोक्यावर बसून मी लॅबकडून येणाऱ्या राखीव प्रतींमधली नावं आणि फोन नंबर गुंडाळून ठेवायला लावले, आणि ती उलगडायची किल्ली फक्त दोघांकडे ठेवली, साहेबांकडे आणि माझ्याकडे. कुणाचं रक्त कुणाचं, हे आपल्याला कशाला कळायला हवं? चौदा महिन्यांपूर्वी लॅबवाले म्हणाले, आम्हाला तुमचा प्रोग्रॅम विकतचीवर हवा, आमच्या पोरांना तीच येते. साहेब हो म्हणाले. मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. माझ्या टेबलावर विकतची चढवलेलं एक मशीन आणून ठेवलं, त्याच्यावर मी खोकल्याच्या गोळ्या आणि छत्री ठेवायला लागले.

तपासणीचा तो कागद मी खणातून काढला. त्रेचाळीस कलमं, दोन रकाने. डावा फुकटचीचा, उजवा विकतचीचा. डाव्या रकान्यात माझं बारीक अक्षर, प्रत्येक ओळीत वेळ, निकाल, शेरा. किती वेळा वायर उपटली, किती वेळा वीज घालवली, सगळं. उजव्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहिलं होतं 'डावीप्रमाणे', आणि तिथून खाली त्रेचाळिसाव्या ओळीपर्यंत एक रेघ, पट्टी न लावता ओढलेली, खाली जाताना जरा उजवीकडे कललेली. रेघेच्या टोकाला माझी सही. मला तो दिवस आठवला नाही. लक्षात राहण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कंटाळा नव्हता, घाई नव्हती. मला त्या सिस्टीमपुढे बसायचं नव्हतं, एवढंच. जी चांगली नाहीच असं मी ठरवलं होतं तिला मी तपासलंच नव्हतं. आणि रेघ ओढताना मला, माझी खात्री आहे, थोडं बरं वाटलं असणार. नावडत्या पाहुणीला उभ्याउभ्या कटवल्यासारखं.

मग मी विकतचीवरची छत्री खाली ठेवली आणि ते मशीन सुरू केलं. रक्त मोजणाऱ्या यंत्राची नक्कल करणारी डबी जोडली. चाललं. पुन्हा केलं, चाललं. मग मी काही न करता वीस मिनिटं बसून राहिले, रात्रभर बंद असलेल्या लॅबमध्ये होईल तसं. वीस मिनिटांनी विकतचीनं वीज वाचवायला वायरीचं तोंड मिटून घेतलं, आणि ती असं करते हे तिच्या माहितीपत्रकात साध्या भाषेत छापलेलं आहे. वाचलं नव्हतं ते मी. एक नमुना पाठवला. तोंड उघडायला तिला वेळ लागला, आठ सेकंद उलटून गेले, आणि सदतिसाव्या कलमातला खटका कुणी हातानं बंद केलेला नसल्यामुळे प्रोग्रॅमनं शहाण्या नोकरासारखा हाताशी असलेला कागद पुढे केला. हिमोग्लोबिन १३.४. साखर ९३. सिस्टीमची चूक नव्हती. दोन्हींपैकी कुठल्याच नव्हती. दिवसाचा पहिला नमुना, एवढंच, आणि तोही लॅबवाल्यांचं सकाळचं चाचणीचं द्रावण आधी फिरवायचं राहिलं त्याच दिवशी. दुसऱ्यापासून सगळं ठीक. उपाशीपोटी, दार उघडायच्या आत जाऊन पहिला नंबर लावणारी जी माणसं असतात, फक्त त्यांनाच माझं रक्त मिळत होतं. ताई आयुष्यभर सगळीकडे पहिल्या नंबरवर गेली. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि मी दहाची, आणि तेव्हापासून रांगेत तीच पुढे.

फुकटची सिस्टीमसुद्धा आम्हा दोघींनीच पहिल्यांदा चढवली होती, तिच्या घरी, भावजींच्या कॉम्प्युटरवर, ते बाहेरगावी गेलेले असताना. मासिकाबरोबर तबकडी आली होती. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. ती पुस्तक मांडीवर घेऊन, शेजारी डिक्शनरी ठेवून वाचायची, मी कळा दाबायची. "आता तो विचारतोय, सगळं पुसू का?" "म्हणजे काय पुसणार?" "ते नाही लिहिलेलं. सगळं म्हणतोय." "मग हो म्हणू?" "म्हण. पुढे तर जाऊ." पुढे गेलो. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली आणि आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून बघत बसलो, सिनेमा बघितल्यासारख्या. भावजींनी पाच वर्षं जमवलेले बुद्धिबळाचे तीनशे डाव त्यात गेले. ते परत आले, त्यांनी बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मी दाबलं. तिला कशाला बघताय? मी दाबलं." भावजी तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी त्या महिन्यात चारदा जेवायला गेले होते आणि चारही वेळा खरं सांगितलं नाही. माझ्या सगळ्या विद्येची सुरुवात ही. पुढे मी पुष्कळ शिकले, राखीव प्रत कशी ठेवावी तेही.

राखीव प्रतींमध्ये मी चारही आकडे तंतोतंत जुळणारे रिपोर्ट शोधायला लावले. सेहेचाळीस लॅब, चौदा महिने. उत्तर यायला तीन सेकंद लागले: एकशे चौदा. कुठल्या लॅबमध्ये दोन, कुठं पाच. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मनात आलं आणि लगेच उत्तरही आलं: रिपोर्ट चांगला असला की त्याच्याकडे कोणी बघत नाही. लाल शाईत काही नसलं की टेक्निशियन सही करतो, डॉक्टर घडी घालतो, पेशंट घरी जाऊन सांगतो, काही नाही निघालं. एकशे चौदा माणसांना मी काही नाही निघालं म्हणून घरी पाठवलं होतं.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट नाहीत, हे लिहायला हवं. माझ्या मुलाच्या आजारपणात मला दोन महिने घरून काम करू दिलं होतं त्यांनी. "बसा, बाई," ते म्हणाले. "सोमवारच्या अपडेटमध्ये दुरुस्त करून टाकू. 'किरकोळ सुधारणा' म्हणून."

"आणि एकशे चौदा?"

"त्यातले शंभर खरंच ठणठणीत असतील."

"आणि चौदा?"

त्यांनी पेपरवेट फिरवला. "चौदा जण कुठंतरी पुन्हा तपासतीलच ना. तब्येत बिघडली की माणूस तपासतोच."

"तपासतो, आणि नवा रिपोर्ट खोटा म्हणतो. माझी बहीण म्हणतेय. ऑपरेशन रद्द करून बसलीय."

"मग बहिणीला सांगा. जरूर सांगा, आत्ता सांगा. तिला चांगला डॉक्टर मी बघून देतो." ते थांबले. "बाकीच्यांचं म्हणाल तर सेहेचाळीस लॅब उद्या सोडून जातील. बाहेर पस्तीस माणसं बसलीत. आणि त्या कागदावर सही तुमची आहे, बाई. मी धमकी देत नाहीये. आठवण करून देतोय."

"मला आठवण आहे," मी म्हटलं. खोटंच. सही करताना मी शुद्धीत होते याची सुद्धा मला आठवण नव्हती.

जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिथून पलीकडच्या इमारतीची मागची बाजू दिसते, पाइप, वाळत घातलेली फडकी, एका गॅलरीत उलटी करून ठेवलेली लहान मुलाची सायकल. तिथं उभी राहून मी काय बोलायचं ते जुळवत होते. सोपं वाक्य तयार होतं: ताई, हॉस्पिटलचं ऐक, मोठं हॉस्पिटल आहे, ऑपरेशन करून घे. यात खोटं काहीच नव्हतं. एवढंच म्हणून चालेल असं मला खरंच वाटत होतं, फोन कानाला लागेपर्यंत वाटत होतं.

"चिमे! बघितलास ना रिपोर्ट?"

"बघितला. ताई, तू हॉस्पिटलचं ऐक. ऑपरेशन करून घे."

"का?"

"मोठं हॉस्पिटल आहे. त्यांचं मशीन नवं असतं."

"मशीन काय, सगळ्यांचंच नवं असतं. अगं, मी मुद्दाम वाट वाकडी करून तुमचं सॉफ्टवेअर असलेल्या लॅबमध्ये जाते. रिसेप्शनच्या पोरीला सांगितलंयसुद्धा, हे माझ्या बहिणीनं तपासलेलं आहे, तिच्या हातून माशी सुटत नाही. ती म्हणाली, काकी, मग तुम्हाला पहिला नंबर." ती हसली. हसताना तिला दम लागला, तो मी ऐकला. चार महिन्यांत किती फोन झाले असतील, दम मला आजच ऐकू आला. "तुझं खोटं कसं असेल, ते सांग आधी. मग ऑपरेशनचं बघू."

मग मी सांगितलं. वायर, आठ सेकंद, सरावाची फाइल, रेघ. मध्येच मला वाटलं फोन तुटला, पण मागे भावजींचा रेडिओ चालू होता. मी सांगत राहिले, जरुरीपेक्षा जास्त, माहितीपत्रकात कुठल्या पानावर छापलंय तेसुद्धा. संपलं तेव्हा गॅलरीतली सायकल कुणीतरी आत नेली होती.

"म्हणजे ते आकडे तुझे," ताई म्हणाली.

"हो."

"मग माझे कुठं गेले?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. दाढीनं नाही विचारला, साहेबांनी नाही, मीही नाही. "आले होते," मी म्हटलं. "मशीननं बरोबर मोजले होते. वायरीतून आलेही असणार, दोन-तीन सेकंद उशिरा. तोवर रिपोर्ट तयार झाला होता. कोणी घेतले नाहीत."

"कोणी घेतले नाहीत," ती म्हणाली. "मला बरं वाटत नव्हतं, चिमे. पाय सुजायचे. हे म्हणायचे डॉक्टरकडे जाऊ, मी म्हणायची रिपोर्ट चांगला आहे, मनाचे खेळ असतील. पिशव्या उचलल्या, जिने चढले. स्वतःलाच रागावायची, की ढोंग करतेस म्हणून."

"ताई, मी येते आत्ता. निघतेच."

"नको."

"ताई..."

"आज नको येऊस. आज तुझं तोंड नाही बघवणार मला." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं, दूध संपलंय म्हणावं तसं. "हॉस्पिटलला मी करते फोन, गुरुवार मिळतो का बघते. असे किती आहेत माझ्यासारखे?"

"एकशे चौदा. तुला धरून."

"कळवलंस?"

ताईनं बारा वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांचं गप्प बसणं ऐकलेलं आहे. "हे या वेळी मी नाही निस्तरणार," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी जागेवर परत आले. किल्ली टाकायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. पासवर्ड चोवीस अक्षरांचा आहे, कुणी ओळखू नये म्हणून मीच तसा केलेला. नावं एकेक उलगडत आली. मी त्यांच्याकडे बघू नये म्हणून मी सहा महिने भांडले होते आणि आता एकशे चौदा नावं माझ्याकडे बघत होती, वयासकट, फोनसकट. ताईचं मी सोडून दिलं. दाढी मागे येऊन उभा राहिला. "काकू, साहेब नको म्हणालेत," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "हो, मलाही म्हणालेत." तो गेला नाही. खुर्ची ओढून बसला, पण फोनला हात लावला नाही. तसं मी सांगितलंही नाही. मी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि यादीतला पहिला नंबर फिरवला. पुरुष, अठ्ठावन्न. चार वेळा वाजला. मी लॅबच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीतून बोलतेय, मार्चमधल्या तुमच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल, असं म्हणेपर्यंत पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला.

"हो हो, आठवतंय ना!" तो माणूस म्हणाला. "सगळं छान निघालं. आम्ही फ्रेम करून ठेवायचं तेवढं बाकी ठेवलंय. बोला, बाई."